गळतीला वास हवा

साताऱ्याच्या माणसाला एके काळी दोन गोष्टींचा अभिमान असे. एक कंदी पेढ्याचा आणि दुसरा घरात पंखा नसल्याचा. "आमच्याकडं कशाला लागतोय पंखा? यवतेश्वराकडनं वारं येतंय की," असं म्हणून तो सांगलीच्या पाहुण्याला खिडकीजवळची खुर्ची देई. चाळीस अंशांतून उठून आलेला तो पाहुणाही त्या वाऱ्यात खरोखरच पेंगायला लागे. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठल्याची बातमी दर थंडीत पेपरात येते. ती वाचताना सातारकर अजूनही असा चेहरा करतो की ती थंडी त्यानंच पाडली आहे.

वारं अजून यवतेश्वराकडनंच येतं, पण वाटेत आता चार इमारती लागतात. त्यांच्या पाठीमागं पांढऱ्या पेट्या टांगलेल्या असतात. पेट्या वाढल्या तसं सांगलीकरांच्या बोलण्यातलं एक जुनं वाक्य साताऱ्यातही ऐकू यायला लागलं : "एसीतला गॅस संपलाय."

सांगलीत हे वाक्य मार्चच्या पहिल्या आठवड्यात उच्चारायची रीत आहे. घरपट्टी, गच्चीची डागडुजी आणि एसीचा गॅस ही तिथली वर्षाची ठरलेली कामं. गॅस दर वर्षी संपतो, दर वर्षी भरायचा, यात कुणाला काही वावगं वाटत नाही. खरी गोष्ट अशी की एसीतला गॅस संपत नाही. पेट्रोलला जळायची मुभा आहे, तशी त्याला नाही. लग्नातल्या आहेराचा ब्लाउजपीस जसा या घरातून त्या घरात वर्षानुवर्षं फिरतो, कुणी शिवत नाही आणि कुणी टाकूनही देत नाही, तसा हा गॅस आतल्या नळीतून बाहेरच्या नळीत फिरत राहतो. खोलीतली उष्णता उचलायची, बाहेर नेऊन टाकायची, रिकाम्या हातानं परत यायचं. यंत्र भंगारात जाईपर्यंत तेवढाच गॅस पुरायला हवा. तो कमी झाला याचा अर्थ एकच : नळीला कुठंतरी भोक आहे आणि गॅस आभाळात गेला आहे.

हे मेकॅनिकला पक्कं माहीत असतं. तो सांगतोही. विश्रामबागेतल्या कुठल्याही दिवाणखान्यात हा संवाद ऐकायला मिळेल.

"काका, नुसता गॅस भरून उपयोग न्हाई. लीक काढायला लागंल."

"किती वेळ जाईल?"

"आजचा दिवस जाणार बघा. नायट्रोजन मारायचा, फेस लावायचा, बुडबुडा कुठं येतोय बघायचा, डाग द्यायचा, मग व्हॅक्यूम काढायचा..."

"आणि नुसता गॅस भरला तर?"

"अर्धा तास."

"मग भरा की! लीकचं पुढच्या वर्षी बघू."

"मागच्या वर्षी पण तुम्ही हेच म्हणाला होता."

"मग? वर्षभर चालला की नाही?"

या युक्तिवादाला जगात कुठं उत्तर नाही. मॉन्ट्रियलमध्येही नव्हतं. तिथं 16 सप्टेंबर 1987 रोजी ओझोनचा थर वाचवण्यासाठी करार झाला, आणि आज त्यात 198 पक्ष आहेत. संयुक्त राष्ट्रांचा प्रत्येक सदस्य देश त्यात आहे. एवढ्या देशांचं एकमत दुसऱ्या कुठल्या गोष्टीवर झाल्याचं फारसं ऐकिवात नाही. आपल्याकडं हाउसिंग सोसायटीत सोळा सभासदांचं टाकी धुण्याच्या तारखेवर होत नाही. भारत त्यात 1992 साली सामील झाला. 2000 साली केंद्र सरकारनं ओझोन खाणाऱ्या पदार्थांसाठी नियम केले. उत्पादन, आयात, विक्री, सगळ्याला नोंदणी आणि कोटे लागले. जुन्या फ्रिजमधला आर-12 हा 1 जानेवारी 2010 पासून बंद झाला. एसीतला आर-22 घालून नवी यंत्रं बनवणं 2025 च्या पहिल्या तारखेपासून बंद. वरची सगळी साखळी कागदोपत्री चोख आहे. पण तिची शेवटची कडी म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या छज्ज्यावर, एका हातानं खिडकीचं ग्रिल धरून, दुसऱ्या हातात पाना घेऊन उभा असलेला तो मेकॅनिक. खाली त्याचा पोरगा दोरीला नायट्रोजनचं सिलिंडर बांधतोय, आणि आतून काका विचारताहेत, "झालं का?"

पुस्तकातली रीत अशी की यंत्र उघडण्याआधी आतला उरलेला गॅस रिकव्हरी मशीननं ओढून वेगळ्या सिलिंडरमध्ये घ्यायचा. मशीन चांगलं वजनदार असतं. ते छज्ज्यावर न्यायला दुसरा माणूस हवा, त्याची मजुरी हवी, आणि ती मजुरी काकांच्या पावतीत बसत नाही. मग पिन दाबली जाते. "फुस्स" असा आवाज येतो. शेजारच्या गॅलरीत वाळत घातलेली कुरडई क्षणभर हलते. एवढ्यात एका आंतरराष्ट्रीय कराराचा हेतू हवेत गेलेला असतो, आणि त्याला साक्षीदार म्हणून एक कबुतर असतं.

केंद्र सरकारनं 2019 साली देशाचा शीतकरणाचा आराखडा काढला. त्यात एक लाख मेकॅनिकांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचं लक्ष्य होतं. कल्पना उत्तम. फक्त त्यात काकांच्या प्रशिक्षणाची तरतूद राहून गेली.

मेकॅनिक लोकांची एक भाषा असते. ती फोनवर ऐकली तर नवख्या माणसाला वाटेल की इथं आकडा लावायचा धंदा चालतो. "बावीस संपलाय. बत्तीस हाय दोन किलो. चारशेदहा उद्या येतोय मिरजेसनं. एकशे चौतीस पायजे का?" हे सगळे गॅसचे नंबर. त्यातल्या प्रत्येकाची हवा तापवण्याची ताकद मोजून ठेवलेली आहे. शंभर वर्षांच्या हिशेबात एक किलो आर-22 म्हणजे सुमारे 1810 किलो कार्बन डायऑक्साइड. चारशेदहा म्हणजे 2088. बत्तीस त्या मानानं सोज्वळ, 675. जुन्या फ्रिजमधला बारा नंबर तर दहा हजारांच्या वर.

हे आकडे डोक्यात बसत नाहीत, म्हणून स्कूटरच्या भाषेत सांगतो. एक लिटर पेट्रोल जळालं की साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. स्कूटरला लिटरमागं पंचेचाळीसचं ॲव्हरेज धरा. सातारा ते सांगली अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. दीड टनाच्या जुन्या एसीतून एक किलो बावीस नंबर आभाळात गेला, तर स्कूटरवरून सातारा-सांगली-सातारा अशा एकशेचाळीस चकरा मारल्याइतका धूर झाला. एवढ्या चकरा लग्न जमवतानाही होत नाहीत. शिवाय स्कूटरवाल्याला पीयूसीचं सर्टिफिकेट काढावं लागतं. काकांना पिनेचं टोपणसुद्धा घट्ट लावावं लागत नाही.

न्यू जर्सीतला भाचा सुट्टीत आला की या विषयावर मामांना व्याख्यान देतो. अमेरिकेत 1992 पासून असा गॅस मुद्दाम हवेत सोडणं गुन्हा आहे, प्रमाणपत्र नसलेल्याला तो विकत मिळत नाही, आणि मोठ्या यंत्रातून ठरावीक टक्क्यांपेक्षा जास्त गळती झाली तर दुरुस्ती सक्तीची. मामा हे सगळं शांतपणे ऐकतात आणि म्हणतात, "होय, पण तू आत्ता एसी अठरावर केलायस तो आधी चोवीसवर कर." इथं मामांची बाजू कायद्याची आहे. 1 जानेवारी 2020 पासून देशात विकला जाणारा एसी सुरू होताना चोवीसवर असला पाहिजे, असा नियम आहे. पुढं रिमोट कुणाच्या हातात जातो, ते नियमात नाही.

या सगळ्या बेफिकिरीचं मूळ एका मेणबत्तीत आहे. शंभर वर्षांपूर्वीचे फ्रिज अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असल्या जहाल वायूंवर चालत. गळती झाली की घर रिकामं करावं लागे, क्वचित माणसं दगावत. तेव्हा थॉमस मिजली नावाच्या अमेरिकी संशोधकानं फ्रेऑन शोधून काढला. 1930 साली रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत त्यानं हा वायू छाती भरून ओढला आणि पेटत्या मेणबत्तीवर हळूच सोडला. मेणबत्ती विझली. वायू विषारी नाही, पेट घेत नाही, हे सिद्ध झालं. टाळ्या पडल्या. (पेट्रोलमध्ये शिसं घालण्याची कल्पनाही याच गृहस्थाची. एकाच माणसानं दोनदा टाळ्या मिळवून आख्ख्या जगाला दोनदा कामाला लावल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.) ओझोनचं प्रकरण कळायला 1974 साल उजाडलं. फ्रेऑनचा मोठा गुण असा की तो घरात गळला तरी कुणाला पत्ता लागत नाही. मोठा दोषही तोच.

आता सांगलीकडच्या दुसऱ्या गॅसची गोष्ट. तासगाव, कवठेमहांकाळ, सांगली या पट्ट्यात बेदाण्याची कोल्ड स्टोरेज आहेत. मार्च-एप्रिलमध्ये शेडवर वाळलेला बेदाणा खोक्यांत भरून तिथं येतो आणि सौद्याला भाव चढेपर्यंत थंडीत पडून राहतो. रंग हिरवा राहिला तर भाव हिरवा; बेदाणा काळवंडला की शेतकऱ्याचा चेहराही. या मोठ्या गोदामांतल्या थंडीचा मालक बहुधा अमोनिया. उणे तेहतीस अंशांना उकळणारा, तांब्या-पितळेला खाणारा, म्हणून लोखंडी नळ्यांतून फिरणारा. दुधाच्या मोठ्या डेअऱ्या, बर्फाचे कारखाने, सगळीकडं हाच. ओझोनला त्याचा त्रास शून्य. हवा तापवण्याची ताकद शून्य. आभाळाच्या दृष्टीनं इतका सज्जन गॅस दुसरा नाही.

पण वास! दहा लाख भागांत पाच-पन्नास भाग मिसळले तरी नाकाला झिणझिण्या येतात. प्लँटवरचा जुना ऑपरेटर भिंतीवरच्या सेन्सरकडं बघतही नाही. दारातून आत येतानाच म्हणतो, "तीन नंबरच्या वॉल्व्हची ग्लँड ढिली झाल्या." मग गंधकाची कांडी पेटवून नळीवरून फिरवायची, जिथं पांढरा धूर दाट होईल तिथं गळती. सापडते, लगेच आवळली जाते. कारण नाही आवळली तर दहा मिनिटांत हमाल बाहेर, पंधरा मिनिटांत वस्तीवरचा माणूस सरपंचाकडं, अर्ध्या तासात सरपंचाचा फोन तहसीलदाराला, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात चार कॉलमी मथळा. एवढी तपासणी यंत्रणा जगातल्या कुठल्याही सरकारला परवडणार नाही. इथं ती फुकटात आहे, प्रत्येकाच्या चेहऱ्याच्या मधोमध बसवलेली.

हा वायू थट्टेचा नाही, हेही खरं. जास्त गळला तर डोळे जातात, फुप्फुसं जळतात, माणूस मरतो. म्हणून मुखवटे, पाण्याचे फवारे, गच्चीवर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी, आणि अधूनमधून मॉक ड्रिल. अमोनियाला पाण्याची ओढ फार, त्यामुळं ओला टॉवेल तोंडावर धरून वाऱ्याला आडवं पळायचं असतं. ड्रिलची तारीख बहुतेक ठिकाणी आधीच फळ्यावर लिहिलेली असते, टॉवेल सकाळीच भिजवून ठेवलेले असतात. भोंगा वाजल्यावर सगळे त्या पिशवीकडं न बघता थेट चहाच्या टपरीकडं पळतात. टपरी वाऱ्याच्या कुठल्याही दिशेला असो. रजिस्टरमध्ये "ड्रिल यशस्वी" अशी नोंद होते. तरी खऱ्या वासाच्या दिवशी हीच माणसं अगदी बरोबर दिशेला पळतात. तेव्हा रजिस्टर कुणी बघत नाही.

गावोगावच्या दूध संकलन केंद्रांतले बल्क कूलर मात्र बिनवासाच्या गॅसवाले. दूध चार अंशांवर ठेवायचं त्यांचं काम. गॅस गळाला तर कुणाला कळत नाही. पण दूध नासतं आणि मग दुधाला वास येतो. त्या सकाळी मेकॅनिक बोलावला तर तो लीक काढल्याशिवाय परत जात नाही. चेअरमन स्वतः बॅटरी धरून उभे असतात. म्हणजे गॅसला वास नसला तरी चालतं, कशाला तरी यायला हवा.

सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवं होती. जमिनीत खोल खणलेली कोठारं. त्यांत पोत्यांनी हळद भरून तोंड बंद करायचं. कंप्रेसर नाही, गॅस नाही, वीजबिल नाही. 2005 च्या महापुरानं त्यांतली बरीच निकामी केली. पेवाचाही एक सुरक्षा नियम होता : उघडल्या उघडल्या आत उतरायचं नाही. आधी हवा खेळू द्यायची, कंदील सोडून बघायचा. ज्योत विझली तर आत मरण. मिजलीनं तिकडं ज्योत विझवून टाळ्या घेतल्या. हरिपूरच्या हमालानं विझलेली ज्योत बघून पाय मागं घेतला. दोघांत शहाणा कोण, ते ओझोनच्या थराला विचारावं.

ओझोन दिन 16 सप्टेंबरला असतो. शाळा-कॉलेजांत त्या दिवशी भित्तिचित्रांची स्पर्धा होते. पृथ्वीला छत्री, पृथ्वीला थर्मामीटर, पृथ्वीच्या डोळ्यांत पाणी. बक्षीस समारंभ वातानुकूलित सभागृहात होतो आणि पाहुण्यांच्या भाषणाच्या मध्येच कुणीतरी शिपायाला खुणावतं, "एसी गार करत नाही." "गॅस संपलाय साहेब," शिपाई कुजबुजतो. भाषण पुढं चालू राहतं.

जुना फ्रिज शेवटी ज्याच्या हाती लागतो, तो भंगारवाला कुठल्याच समारंभाला नसतो. 2023 च्या 1 एप्रिलपासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत फ्रिज आहे, एसी आहे, नोंदणी असलेल्या पुनर्वापर केंद्राची सोय आहे. पण भंगारवाल्याच्या काट्यावर कंप्रेसरचं वजन होतं आणि तांब्याचं होतं. गॅसचं होत नाही. तो दारातच पक्कडीनं नळी कापतो. वहिनी वरून ओरडतात, "अहो, फरशीवर तेल सांडू देऊ नका!" तेलाचा डाग पडला तर दिसतो ना.

2016 च्या ऑक्टोबरात रवांडातल्या किगालीला पुढचा करार झाला. ओझोनला न खाणारे पण हवा तापवणारे गॅसही कमी करायचे ठरले. त्यात उन्हानं पोळलेल्या देशांना जास्त सवलत मिळाली, आणि त्या एकाच गटात भारत आणि पाकिस्तान शेजारी शेजारी बसले आहेत. उकाड्यापुढं सीमावाद चालत नाही. आपल्याला 2028 पासून वाढ थांबवायची आहे आणि 2047 पर्यंत 85 टक्के कपात करायची आहे. तोवर आर-290 सारखे गॅस यावेत, अशी अपेक्षा. हा निव्वळ प्रोपेन. तापवण्याची ताकद जेमतेम तीन. गोदरेजनं 2012 सालीच त्यावरचे एसी बाजारात आणले. त्यांचा फ्रिज-एसीचा एक कारखाना नीरा ओलांडल्या ओलांडल्या शिरवळला आहे, म्हणजे सातारा जिल्ह्यातच. पण प्रोपेन म्हटल्यावर गिऱ्हाईक खुर्चीतून उठतं. "म्हणजे स्वयंपाकाचा गॅस? बेडरूममध्ये?" असं विचारणाऱ्याच्या घरात भिंतीपलीकडं 14.2 किलोचं सिलिंडर उभं असतं, शेजारी दुसरं भरलेलं, आणि मधल्या फ्रिजमध्ये त्याच कुळातला आयसोब्युटेन पन्नासेक ग्रॅम कधीपासून फिरतो आहे. एसीत लागतो तो काहीशे ग्रॅम.

स्वयंपाकाच्या गॅसलाही मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून कंपनी त्यात मुद्दाम घाण वासाचं औषध मिसळते. तेव्हा मी साताऱ्यात पोवई नाक्यावरच्या एका मेकॅनिकला विचारलं, "तुमच्या बावीस-बत्तीसमध्ये तसलं काही मिसळलं तर? घरात घाण सुटली की माणूस झक मारून लीक काढून घेईल."

तो चार्जिंगचा पाइप गुंडाळत होता. गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "न्हाई हो. आपलं गिऱ्हाईक दोन दिवस उदबत्ती लावंल."